चित्राच्या पाठीवरचें नांव

इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस ‘काशिने’ नांवाचें एक विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या अगदीं टोंकास, जेथें मुन्योने ही लहान नदी आर्नो नदीला मिळते तेथें, एका छत्रीखालीं भरजरी पोषाखांतील एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. तेथील लोक त्याला ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, असें म्हणतात. त्याच्यावरून त्या जागेस तें नांव पडलें, आणि १९७८ सालीं जवळच आर्नोवर जो मोठा पूल पुरा झाला त्यासही तेंच नांव मिळालें. हा हिंदी माणूस म्हणजे आमच्या कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज होत. १८७० सालीं ते विलायतेस गेले व परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वयाच्या अवघ्या विशींत, फ्लॉरेन्स येथें निवर्तले. दोन नद्यांच्या संगमावर त्यांचें दहन झालें आणि १८७४ सालीं हें स्मारक उभें राहिलें. पुतळा फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. याच मँटसाहेबांनीं आमच्या कोल्हापुरांतला नवा राजवाडा रचला. तो १८८४ सालीं पुरा झाला आणि आज एकशें चाळीस वर्षें लोटलीं तरी ‘नवा’च आहे. नांवें एकदां चिकटलीं म्हणजे कशीं सुटत नाहींत याचें हें घरचें उदाहरण. आणि नांव कसें गळून पडतें याचें उदाहरण तें फ्लॉरेन्सचें.

स्मारकावर लेख नाहीं असें नव्हे. परंतु दगडावरचा लेख वाचावयास मनुष्य थांबावा लागतो, आणि तोंडींचें नांव चालतां चालतां मिळतें. विशेषनाम गळालें, सामान्यनाम उरलें. एका छत्रपतींची ही गत. मग तुमच्याआमच्या घरच्या चित्रांत खुर्चीवर ताठ बसलेल्या मंडळींची कथा काय?

हा प्रश्न मला ग्रंथालयांत सुचला नाहीं; तो पंचगंगेनें घरांत आणून सोडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगास असलेल्या आमच्या जुन्या घरांत पाणी शिरलें आणि तळमजल्यावरच्या ट्रंकेंतील चार आल्बम पांच दिवस पाण्याखालीं राहिले. पाणी ओसरल्यावर एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलें. कांहीं चित्रें एकमेकांस चिकटून फाटलीं, कांहींवर बुरशी चढली. तरी पुष्कळ चेहरे ओळखण्याजोगे राहिले होते. आजोबांनीं प्रत्येक चित्राखालीं निळ्या शाईनें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं नांवें मात्र साफ धुऊन गेलीं होतीं. चांदीचें चित्र पाण्यांत विरघळत नाहीं, दौतींतली शाई विरघळते; इतका हा साधा रसायनाचा हिशेब. चेहरे राहिले आणि नांवें पंचगंगेबरोबर कृष्णेकडे गेलीं. फक्त दोनतीन चित्रांच्या पाठीवर कोणी पेन्सिलीनें कांहीं खरडलें होतें, तें जसेंच्या तसें शाबूत होतें.

यांपैकीं एका चित्राची मला विशेष हळहळ वाटली. तें १९४१ सालच्या लग्नाचें होतें. वाड्याच्या चौकांत, सतरंजीवर, खुर्च्यांवर आणि पायऱ्यांवर मिळून त्रेचाळीस डोकीं मीं मोजलीं. त्यांपैकीं आज हयात अशी एकच व्यक्ति होती. पुढच्या रांगेंत परकर पसरून बसलेली सहा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी आत्या. आतां तिनें नव्वदी ओलांडली आहे.

माझ्या पुतण्यानें हीं सर्व चित्रें यंत्रावर उतरवून संगणकांत भरलीं, आणि येथून माझें नवें शिक्षण सुरू झालें. वाचकांपैकीं ज्यांच्या खिशांतल्या फोनमध्यें दहादहा हजार चित्रें पडलेलीं आहेत त्यांना यांतलें पुष्कळसें ठाऊक असेल. तरी थोडक्यांत सांगतों. संगणकांतील चित्राच्या पोटांत, डोळ्यांना न दिसणारी, अशी टिपणांची एक जागा असते. तिला मेटाडेटा म्हणतात. तेथें चित्र केव्हां काढलें, कोणत्या कॅमेऱ्यानें काढलें हें कॅमेरा आपण होऊन लिहितो. मनुष्यानें लिहावयाचीं टिपणें मुख्यतः दोन प्रकारचीं. एक विषयशब्द, ज्यांना कीवर्ड म्हणतात : ‘लग्न’, ‘रंकाळा’, ‘दसरा’ असे. हे सबंध चित्राला लागू असतात. दुसरा प्रकार नांवाच्या चिठ्ठीचा : चित्रांतल्या एका विशिष्ट चेहऱ्याभोंवतीं चौकट आंखून, हा अमुक, असें तेथें लिहून ठेवणें. पहिला प्रकार ग्रंथपालाचा, दुसरा कुळकर्ण्याचा म्हणावयास हरकत नाहीं.

पुतण्याला वाटलें कीं हा सगळा या शतकाचा शोध. मला तसें वाटेना. मोगल चित्रकलेशीं ज्यांचा थोडासा परिचय आहे त्यांना स्मरत असेल कीं, जहांगीर बादशहाच्या काळांतील दरबाराच्या कांहीं चित्रांत एकेका सरदाराचें नांव बारीक फारसी अक्षरांत त्याच्या अंगावरच, गळपट्टीवर किंवा पागोट्यावर, लिहिलेलें असतें. नांवाची चिठ्ठी ती हीच. चित्र भिंतीवरून उतरवा, विका, समुद्रापार न्या. सरदाराचें नांव त्याच्या गळ्यांत पडलेलेंच राहतें. २०१० सालीं कांहीं बड्या कंपन्यांनीं एकत्र बसून, चेहऱ्याची चौकट व तिचें नांव चित्राच्या पोटांत कोणत्या पद्धतीनें लिहावें याचा जो नियम ठरविला, त्याचा मतलब याहून निराळा नव्हता.

विषयशब्दांचा इतिहास मात्र इतका निरागस नाहीं. मुंबईंत छायाचित्रणाची सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, म्हणजे ही विद्या युरोपांत प्रकट होऊन उणींपुरीं पंधरा वर्षें झालीं होतीं. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखी आपली मंडळीही तींत होती. त्याच मुंबईंत विल्यम जॉन्सन यांनीं शहरांतील नाना जातींच्या लोकांचीं चित्रें काढून तीं १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलीं. त्यांतील पुष्कळ चित्रांत माणसें एकीकडे टिपलेलीं असून त्यांच्या मागची जागा दुसऱ्याच चित्रांतून आणून जोडलेली आहे. म्हणजे माणसाचें नांव नाहीं तें नाहींच, पण तो उभा आहे ती जागाही त्याची नव्हे! पुढें १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी आश्रयानें ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा प्रचंड ग्रंथ निघाला. वॉटसन व के हे त्याचे संपादक. साडेचारशेंहून अधिक चित्रें त्यांत आहेत, आणि कांहीं संस्थानिक व थोर गृहस्थ सोडले तर बहुतेक चित्रांखालीं नांव म्हणून जें आहे तें जातीचें, टोळीचें वा धंद्याचें आहे. पुढें मजकूर येतो तोही त्या जातीच्या स्वभावाविषयीं : ही कष्टाळू, ती भांडखोर, अमकी विश्वासास अपात्र. चित्रांतला मनुष्य डोळ्याला डोळा भिडवून आपणाकडे पाहतो आहे. त्याला आई होती, तिनें त्याला बारशाच्या दिवशीं कांहीं नांव ठेविलें होतें. परंतु ज्यानें कॅमेरा रोखला त्याला तें विचारण्याची गरज भासली नाहीं. फ्लॉरेन्सच्या फिरावयास निघालेल्या लोकांनीं अजाणतां केलें तें येथें पद्धतशीर करण्यांत आलें.

यावरून विषयशब्द म्हणजे दुष्ट गोष्ट, असें मी म्हणत नाहीं. त्यांच्यावांचून दहा हजार चित्रांच्या ढिगांतून एक काढणें अशक्य आहे. परंतु ते शहाणपणानें योजावे लागतात, आणि हें शहाणपण ग्रंथालयशास्त्रानें आपणांस केव्हांच दिलेलें आहे. रंगनाथन यांनीं १९३३ सालीं आपली वर्गीकरणपद्धति प्रसिद्ध केली. तिच्याच पुढील विकासांत त्यांनीं कोणत्याही विषयाचे पांच अंगांनीं पृथक्करण करावयास शिकविलें : व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, देश आणि काल. पुस्तकांसाठीं केलेली ही वांटणी घरच्या चित्रांना इतकी चपखल बसते कीं मीं ती पुतण्याकडून एका कागदावर लिहवून संगणकाशेजारीं चिकटवून ठेविली. त्यापूर्वीं त्यानें काय केलें होतें? रंकाळ्याच्या कांहीं चित्रांना ‘रंकाळा’, कांहींना ‘रंकाळा तलाव’, आणि कांहींना इंग्रजी लिपींत तेंच नांव दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं. एक शब्द शोधावा तर एकतृतीयांश चित्रें यावींत, बाकीचीं तळ्यांत बुडालेलीं! शालिनी पॅलेससमोरचीं चित्रें तर ‘पिकनिक’ या शब्दाखालीं गेलीं होतीं. एका गोष्टीला एकच शब्द, आणि तो शब्द एकदां ठरला कीं घरांतल्या सर्वांनीं तोच वापरावयाचा, इतका नियम पाळला तरी अर्धें काम होतें. तो पाळण्याला लागणारा संयम मात्र मला स्वतःलाही सहजीं साधला नाहीं. ‘करवीर’ हा शब्द मला फार प्रिय असल्यामुळें मीं तो कांहीं दिवस जेथें तेथें घुसडला होता.

आतां नांवांकडे वळूं. चेहऱ्याला चुकीचें नांव लागलें तर काय होतें, याचें आपल्या इतिहासांतील सर्वांत मोठें उदाहरण प्रत्यक्ष शिवछत्रपतींचें आहे. महाराजांचें म्हणून एके काळीं जें एक चित्र छापलें जाई तें वास्तविक इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें होतें. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं जुन्या डच साधनांचा मागोवा घेऊन महाराजांचें अस्सल चित्र शोधिलें व १९३३ सालीं तें लोकांपुढें ठेविलें. ज्या पुरुषाच्या नुसत्या नामोच्चारानें महाराष्ट्राची मान ताठ होते, त्याच्या चेहऱ्याच्या बाबतींतही आपण दुसऱ्याच कोणाला नमस्कार करीत होतों! चूक करणारे लोक कांहीं लबाड नव्हते. कोणी एकानें चित्राखालीं नांव लिहिलें, दुसऱ्यानें तें उतरून घेतलें, तिसऱ्यानें तें छापलें. आणि लिहिलें आहे त्या अर्थीं कोणाला तरी ठाऊक असेलच, असें प्रत्येकानें मानलें. नांवाची चिठ्ठी ही एक साक्ष आहे, आणि साक्षीदार कोण हें न विचारतां आपण ती मान्य करितों.

नांव बरोबर असूनही घोंटाळा होतो तो निराळाच. ‘राजाराम महाराज, कोल्हापूर’ एवढें लिहिलें कीं त्याखालीं फ्लॉरेन्स येथें १८७० सालीं वारलेले महाराजही येतात, आणि १८९७ सालीं जन्मलेले, १९३९ सालीं कोल्हापुरास विमानतळ देणारे व १९४० सालीं निवर्तलेले महाराजही येतात. शिवाजी या नांवाचे तर कोल्हापूरच्या गादीवर कितीतरी झाले. म्हणून शिस्तीचीं ग्रंथालयें नांवापुढें जन्ममृत्यूचीं सालें घालतात, आणि घरच्या चित्रांतही तोच उपाय करणें प्राप्त होतें. आमच्या घरांत तीन पिढ्यांत चार ‘तात्या’ झाले. आजोबांच्या आल्बमांत ‘तात्या’ म्हणजे त्यांचे वडील, वडिलांच्या आल्बमांत ‘तात्या’ म्हणजे माझे आजोबा, आणि पुतण्याच्या लेखीं ‘तात्या’ म्हणजे मी. हांक मारण्याचें नांव गोड असतें, परंतु तें हांक मारणाऱ्याबरोबरच संपतें.

उलट एकाच चेहऱ्याला दोन नांवें असण्याचा प्रकार घ्या. राजर्षि शाहू छत्रपति हे १८७४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मले तेव्हां यशवंतराव होते. १७ मार्च १८८४ रोजीं ते दत्तक आले आणि शाहू झाले. नऊदहा वर्षांच्या त्या मुलाचें आदल्या दिवशींचें चित्र आणि दुसऱ्या दिवशींचें चित्र समोरासमोर ठेविलें, तर चेहऱ्यांत केसाचा फरक नसेल आणि नांव मात्र समूळ पालटलेलें असेल. बाबुराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ या १९२० सालच्या बोलपटपूर्व चित्रांत गुलाबबाई व अनसूयाबाई यांनीं कामें केलीं. पडद्यासाठीं त्या कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. स्वतः बाबुरावांचें आडनांव मेस्त्री. धंद्यानें तें पुसून त्या जागीं ‘पेंटर’ लिहिलें, आणि गांवानें तें कायम केलें.

पण राजे आणि नट यांच्यापर्यंत जावयास कशाला पाहिजे? आपल्याकडे प्रत्येक मुलीच्या आयुष्यांत एक दत्तकविधान होतच होतें. लग्नाच्या दिवशीं तिचें आडनांव बदले, बापाचें नांव जाऊन नवऱ्याचें येई, आणि पुष्कळ घरांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें लिहून तिचें स्वतःचें नांवही नवें ठेवण्यांत येई. माझ्या आजीचें माहेरचें नांव मला वयाच्या पन्नाशींत समजलें. तिच्या लहानपणच्या एका चित्राच्या पाठीवर तें लिहिलेलें होतें, आणि ही कोण परकी मुलगी म्हणून आम्हीं तें चित्र वेगळ्या पाकिटांत घालून ठेविलें होतें! तेव्हां चिठ्ठीवर लिहावयाचें कोणतें? मीं शेवटीं असें ठरविलें कीं मुख्य नांव जन्माचें, आणि सासरचें नांव विषयशब्दांत. आमच्या घरांत यावरून वाद झाला. माझ्या पत्नीचें मत असें कीं, बाईला विचारूनच हें ठरवावें. तें मला पटलें. परंतु ज्यांना विचारावयाचें त्या बहुतेक आतां भिंतीवर आहेत.

नांव कोठें ठेवावें हाही प्रश्न क्षुल्लक नाहीं. पूर्वीं मोठ्या छायाचित्रकारांकडे कांचेच्या पट्ट्यांवर नुसते आंकडे असत आणि नांवें वेगळ्या वहींत. वही आणि पट्टी एकत्र आहेत तोंपर्यंत सर्व ठीक. कलकत्त्याच्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या विख्यात दुकानाला १९९१ सालीं आग लागली आणि त्यांच्या जुन्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. २०१६ सालीं तर तें दुकानच बंद पडलें. संगणकाच्या कांहीं प्रणालींत आजही हाच वहीचा प्रकार चालतो : आपण चेहऱ्यांना नांवें देतों, पण तीं चित्राच्या पोटांत न जातां त्या प्रणालीच्या स्वतःच्या वहींत राहतात. मला हें ठाऊक नव्हतें. पुरापूर्वीं बऱ्याच वर्षांमागें एका नामांकित कंपनीच्या अशाच सोयीवर विसंबून मीं दोन उन्हाळ्यांच्या सुट्या घालवून शेंकडों चेहऱ्यांना नांवें दिलीं होतीं. संगणक बदलला, चित्रें नव्या जागीं नेलीं, आणि पाहतों तों एकही नांव आलेलें नाहीं. शाईला निदान पूर लागला. येथें तेंही निमित्त नव्हतें. तेव्हांपासून पुतण्याला माझें एकच सांगणें असतें कीं, बाबा, नांव चित्राच्या पोटांत लिहिलें जातें आहे कीं नाहीं तें आधीं पाहा. तो प्रत्येक शंभर चित्रांनंतर एक चित्र दुसऱ्याच प्रणालींत उघडून नांवें दिसतात काय हें तपासतो. हा सोवळेपणा मला मान्य आहे.

यंत्र चेहरे ओळखतें म्हणजे काय करतें? त्याला माणूस कळत नाहीं. तें प्रत्येक चेहऱ्याचें आंकड्यांच्या एका लांब ओळींत रूपांतर करतें आणि दोन ओळींत अंतर किती हें मोजतें. अंतर थोडें असेल तर हे दोघे एकच काय, असें विचारतें. ही शक्ति धोक्याचीही आहे. फेसबुकनें नोव्हेंबर २०२१ मध्यें आपली चेहरे ओळखण्याची सोय बंद करून एक अब्जाहून अधिक लोकांचीं अशीं मापें पुसून टाकण्याचें जाहीर केलें तें उगाच नव्हे. घरच्या ट्रंकेवर हें यंत्र चालवितांना आपण कोणाचें नांव कोठवर पोंचवितों याचें भान ठेविलें पाहिजे. म्हणून मीं हयात माणसांचीं नांवें घराबाहेर जाणाऱ्या प्रतींतून काढून टाकतों.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही आत्याला घेऊन या कामाला बसलों. आठ संध्याकाळीं लागल्या. पुतण्या पडद्यावर चेहरा मोठा करून दाखवी, आत्या नांव सांगे, मी वहींत लिही. प्रत्येक नांवापुढें ‘सांगणार : आत्या’ आणि तारीख. ती अडखळली तर प्रश्नचिन्ह. पुतण्याला प्रश्नचिन्ह आवडत नसे. “काका, यंत्राला संशय लिहितां येत नाहीं,” असें तो म्हणे. मीं त्याला ‘नांव अनिश्चित’ असा एक विषयशब्दच करावयास लाविला.

एका चित्राच्या पाठीवर मोडींत पेन्सिलीची एक ओळ होती. घरांत कोणाला मोडी येत नाहीं. आम्हां सर्वांची अशी समजूत झाली कीं त्या ओळींत चित्रांतल्या अनोळखी वृद्धाचें नांव असलें पाहिजे. दोन आठवड्यांनीं एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध स्नेह्यांनीं ती वाचून दाखविली : साडेतीन रुपये, पैकीं दोन पावले. तो वृद्ध कोण तें अद्यापि कळलेलें नाहीं. त्याच्याकडे, किंवा आमच्याकडे, छायाचित्रकाराचा दीड रुपया येणें होता एवढें नक्की.

लग्नाच्या चित्रावर यंत्र चालविलें तेव्हां त्यानें त्रेचाळिसांपैकीं एकोणचाळीस चेहरे हेरले. सुटलेल्या चौघांत दोन मुलें होतीं, तीं हललीं होतीं. एक गृहस्थ पुढच्याच्या पागोट्याआड गेले होते. चौथी एक स्त्री होती. ती रांगेंत नव्हतीच; सोप्याच्या खांबाला लागून, पदर कपाळावरून खालीं ओढलेली, अर्धी सावलींत उभी होती. मला स्वतःला ती आधीं पुष्कळ दिवस दिसली नव्हती. आत्यानें चष्मा सारखा केला आणि क्षणाचाही विलंब न लावतां नांव सांगितलें. ती माझ्या आजोबांची थोरली बहीण. लहान वयांत विधवा होऊन माहेरीं आली, आणि त्या घरांत तीस वर्षें स्वयंपाक करून वारली. लग्नकार्यांत तिनें पुढें यावयाचें नाहीं असा तेव्हांचा दंडक. “फोटोवाला सगळ्यांना बोलावीत होता,” आत्या म्हणाली, “पण तिला कोण बोलावणार? मी हांक मारली तर आईनं माझा दंड धरला. ती खांबापाशीं आली ती तेवढीच.”

याच सुमारास बेळगांवच्या चुलतभावाचें पत्र आलें. आजोबांनीं त्याच चित्राची एक प्रत आपल्या धाकट्या भावाला धाडली होती, आणि तिच्याबरोबर रांगवार नांवांची यादीही. त्यानें यादीची नक्कल पाठविली. आम्हीं ती वहीशीं ताडून पाहिली. तीन ठिकाणीं फरक निघाला. दोन ठिकाणीं आत्या चुकली होती आणि एके ठिकाणीं आजोबा. सहा वर्षांच्या मुलीची ही स्मरणशक्ति! मग मीं यादींतलीं नांवें मोजलीं. तीं बेचाळीस होतीं. म्हणजे खांबाजवळच्या बाईचें नांव पुरानें नेलें नव्हतें. तें कधीं लिहिलेंच गेलें नव्हतें. माझे आजोबा प्रेमळ होते, त्यांचें अक्षर सुंदर होतें, आणि त्यांनीं आपल्या सख्ख्या बहिणीला मोजलें नाहीं. ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या संपादकांविषयीं मीं वर जें लिहिलें आहे तें त्या संध्याकाळच्या आधीं मी अधिक आवेशानें लिहिलें असतें.

पुतण्यानें त्या अर्ध्या चेहऱ्याभोंवतीं हातानें चौकट आंखली आणि नांव लिहिलें. तें मी येथें देत नाहीं. तें जेथें असावयास पाहिजे तेथें, चित्राच्या पोटांत, गेलें आहे. तें लिहितांच यंत्रानें आपण होऊन दुसरें एक चित्र पुढें केलें. आत्याच्या नातीचें, दोन वर्षांपूर्वींच्या पदवीदानाचें, काळ्या झग्यांतलें. खालीं प्रश्न : या दोन्ही व्यक्ति एकच काय?

“काय विचारतं रे तें?” आत्यानें विचारलें. पुतण्यानें सांगितलें. ती बराच वेळ दोन्ही चेहऱ्यांकडे आळीपाळीनें पाहत राहिली. मग म्हणाली, “कपाळ तिचंच आहे. पण हो म्हणूं नकोस हं. हिचं हिला असूं दे.”

पुतण्यानें ‘नाहीं’वर बोट ठेविलें. बेळगांवची यादी परत करतांना मीं तिच्याखालीं त्रेचाळिसावें नांव लिहिलें, आणि तें पेन्सिलीनें लिहिलें.